परीक्षा हातांची, रांग जन्माची

बेगडेवाडीच्या फलाटावर सकाळी दोन पाळ्यांची माणसं समोरासमोर येतात. पुण्याकडच्या लोकलसाठी कामगार आणि कॉलेजची पोरं ताटकळत असतात, आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीतून रात्रपाळी संपवलेल्या सिस्टर उतरतात. पिंपरी-चिंचवडच्या रुग्णालयांतून त्या आलेल्या असतात. हातात रिकाम्या डब्याची पिशवी, बारा तास उभं राहून जड झालेले पाय. घोरावडेश्वराच्या डोंगरावर ऊन चढत असतं आणि यांचा दिवस संपलेला असतो.

त्यांतली एक आमच्या शेजारची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेली, पाच वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली. एका संध्याकाळी ती घरी आली ती तीन पानांचं पत्र घेऊन. तिने जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यतेसाठी अर्ज केला होता आणि तिथल्या कार्यालयाने तिच्या शिक्षणाची आपल्या अभ्यासक्रमाशी तुलना करून उत्तर पाठवलं होतं. कोणत्या विषयात, कोणत्या विभागातल्या अनुभवात ती कमी पडते, याचा त्यात तक्ता होता. जर्मन भाषेत या पत्राला जे नाव आहे त्याचा अर्थच ‘उणिवांचा निर्णय’ असा होतो. तिने विचारलं, “काका, म्हणजे मला काम येत नाही असं म्हणतायत का ते?”

मी नाही म्हणालो. पण नुसतं नाही म्हणून तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. हा लेख त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे.

परदेशी जाणाऱ्या परिचारिकेला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, तुला हे काम येतं का? दुसरा, तुला आमच्या देशात घ्यायचं का? पहिला प्रश्न रुग्णाच्या वतीने असतो आणि त्याचं उत्तर म्हणजे परवाना. दुसरा सरकारच्या वतीने असतो आणि त्याचं उत्तर म्हणजे व्हिसा. पहिल्यात तिचे हात आणि डोकं तपासलं जातं, दुसऱ्यात तिचा पासपोर्ट, तिचा जन्मदेश, त्या देशातल्या निवडणुकीचा वारा. माझं म्हणणं एवढंच की हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत आणि त्या मिसळण्याची सगळी किंमत परिचारिका भरते आहे. पहिला प्रश्न जितका कडक विचारता येईल तितका विचारावा. दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढू नये, आणि पहिल्याच्या आडून दुसरा विचारू नये.

आधी परीक्षेची बाजू घेतो, कारण आपल्याकडे ‘आमच्या मुली इथे जीव वाचवतात, त्यांची पुन्हा कसली परीक्षा?’ असा सूर लगेच लागतो. मला तो पटत नाही.

ब्रिटनची नोंदणी हवी असेल तर आधी संगणकावरची चाचणी आणि मग प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा द्यावी लागते. या दुसऱ्या परीक्षेला सगळे ऑस्की म्हणतात. ती ब्रिटनमध्येच, ठरलेल्या केंद्रांवर होते आणि तिचं शुल्क बरीच वर्षं ७९४ पौंड आहे. उमेदवार एकामागून एक दहा टप्प्यांतून जाते. समोर रुग्णाची भूमिका करणारा माणूस असतो, नाहीतर पुतळा. स्वतःचं नाव सांगायचं, रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, कशाची ॲलर्जी आहे का ते विचारायचं, हात लावण्याआधी परवानगी मागायची. सुई अचूक टोचणाऱ्या, शीर बोटाने ओळखणाऱ्या आपल्या अनुभवी सिस्टर नेमक्या इथे अडखळू शकतात, कारण पंचवीस रुग्णांच्या वॉर्डात परवानगी मागायला त्यांना कधी वेळच मिळालेला नसतो. ही परीक्षा त्यांना परकी वाटते. पण मला सांगा, बेगडेवाडीच्या एखाद्या आजीला रुग्णालयात भरती केल्यावर हात लावण्याआधी कुणी विचारावं, हा तिचा हक्क नाही का? जी सवय तिथे परीक्षेत तपासली जाते ती इथल्या वॉर्डात रुजायला हवी होती.

जर्मनीच्या पत्रातही असंच एक खरं अंतर आहे. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलवणं, बेडपॅन देणं ही कामं वॉर्डातल्या मावशी करतात, मामा करतात, नाहीतर उशाशी बसलेले नातेवाईक. सिस्टरकडे औषधं, सलाइन, नोंदी आणि डॉक्टरांचा राउंड. जर्मनीत मावशी नाही. ज्या परिचारिकेने इंजेक्शन द्यायचं तिनेच पाठ पुसायची, आणि त्या पुसण्यातच त्वचा लाल झाली का, माणूस काल होता त्यापेक्षा थकला का, हे ओळखायचं. हे माहीत नसताना गेलेल्या मुलीला पहिल्या महिन्यात वाटतं की आपल्याला आयाचं काम दिलं, आपला अपमान झाला. अपमान झालेला नसतो. त्या व्यवसायाची व्याख्याच वेगळी असते आणि हे तिला जाण्याआधी सांगणं हे पाठवणाऱ्याचं काम असतं. म्हणून तिथे मान्यता मिळवायला एकतर पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानाची परीक्षा, शिवाय बी-टू पातळीची जर्मन भाषा लागते. मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणूनच काम करावं लागतं. छातीत कसंतरी होतंय, हे ऐंशी वर्षांचा म्हातारा आपल्या बोलीत सांगत असेल आणि सिस्टरला ते कळलं नाही, तर तिची पदवी काय कामाची?

कागदावर विश्वास ठेवून परवाना द्यावा म्हणावं, तर कागदांची अवस्था आपण पाहिलेली आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात जानेवारी २०२३ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० च्या आसपास बनावट पदविका विकल्या गेल्याचं समोर आलं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तपास सीबीआयकडे आला आणि २०२४ मध्ये त्या तपासातलेच अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडले गेले. दूर बसलेल्या परवाना मंडळाला मग भारतातल्या प्रमाणपत्राबद्दल शंका आली तर तिला नुसता वर्णद्वेष म्हणून कसं चालेल? प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलीला त्या शंकेचा भुर्दंड बसतो हे दुःखद आहे. पण तिची बाजू सिद्ध करणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे परीक्षा. त्या दिवशी कॉलेज कुठलं, जात कुठली, गाव कुठलं, हे कुणी विचारत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. इथे माझा सूर बदलतो.

अमेरिकेची एनक्लेक्स ही परीक्षा मुंबईतही देता येते. संगणक उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-कठीण करत जातो, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. पाच तासांत कळून चुकतं की या बाईच्या हाती रुग्ण सुरक्षित आहे की नाही. अमेरिकेत शिकलेल्या मुलीही हीच परीक्षा देतात. इतकी स्वच्छ कसोटी जगात फार थोड्या व्यवसायांना आहे. पण ती उत्तीर्ण होणं म्हणजे दुसऱ्या रांगेच्या टोकाला जाऊन उभं राहणं. नर्सिंगच्या बहुतेक कामांना एच-वन-बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा मिळत नाही, कारण त्या कामाला पदवी अनिवार्य मानली जात नाही. राहतो कायमच्या वास्तव्याचा व्हिसा. त्यात दर देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि देश मोजतात तो जन्माचा. कुवेतमध्ये जन्मलेली मराठी मुलगी भारताच्या रांगेत उभी राहत नाही. बेगडेवाडीत जन्मलेली राहते, आणि भारताची ती रांग दहा वर्षांहून लांब आहे. दोघींचं शिक्षण एक, परीक्षा एक, गुण एक.

शिवाय १९९६ च्या कायद्याने परिचारिकांना व्हिसाआधी शिक्षण, परवाना आणि इंग्रजी यांची छाननी करून घेतलेलं वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्याला व्हिसास्क्रीन म्हणतात. त्याची मुदत पाच वर्षं, इंग्रजीच्या गुणांची मुदत साधारण दोन वर्षं. दहा वर्षांच्या रांगेत पाच वर्षांचं प्रमाणपत्र! रांग हलेपर्यंत कागद जुने होतात आणि तिने पुन्हा शुल्क भरायचं, पुन्हा सिद्ध करायचं. तिचं कौशल्य कमी झालंय अशी शंका कुणाला आलेली नसते. रांग लांब आहे म्हणून परीक्षा परत. मी दोन प्रश्न मिसळण्याबद्दल बोलत होतो ते हेच.

ऑस्ट्रेलियाने २०२५ पासून काही देशांत नोंदणी आणि पुरेसा अनुभव असलेल्या परिचारिकांना जलद वाट दिली. त्या यादीत ब्रिटन आहे, आयर्लंड आहे, सिंगापूर आहे. भारत नाही. म्हणजे आपली मुलगी आधी लंडनला जाऊन काम करून आली तर तिचे हात विश्वासार्ह, थेट पुण्याहून गेली तर लांबचा रस्ता. आखातात आणखी वेगळं. तिथे कागदांची पडताळणी आणि संगणक-परीक्षा झाल्यावर दुबईसारख्या ठिकाणी परवाना चालू होतो तो एखाद्या रुग्णालयाच्या नावाशी जोडून. जी गोष्ट तिने स्वतःच्या अभ्यासाने मिळवली ती मालकाच्या दारावर टांगली जाते. आणि ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये काळजीवाहकांसाठी व्हिसा खुला केला तेव्हा भारतातून शिकलेल्या नर्सही त्या वाटेने गेल्या. सोपं दार दिसलं, आत गेल्यावर नोंदणी पुढे करू म्हणाल्या. पण काळजीवाहक म्हणून राबल्याने परिचारिकेची नोंदणी मिळत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्या काळजीवाहकांसाठी ते दारही बंद झालं. चार वर्षं शिकून दुसऱ्या देशात आपल्याच व्यवसायाच्या खालच्या पायरीवर अडकलेल्या या मुली कुठल्या आकडेवारीत मोजल्या जातात?

परक्यांना बोल लावून इथेच थांबता आलं असतं. पण शेजारच्या मुलीचे पहिले सात महिने जर्मनीने खाल्ले नाहीत. ते इथेच गेले. तिचं नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र तिच्या आधीच्या रुग्णालयाने नोकरी लावताना ठेवून घेतलं होतं. नोकरी सोडली तेव्हा ‘बॉण्ड पूर्ण करा, नाहीतर पैसे भरा’ असं उत्तर मिळालं. ती भांडली, रडली, शेवटी तिच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले तेव्हा कागद हातात आला. मी त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एका रुग्णालयापुरता नाही. परवाना हा रुग्णाला दिलेला शब्द आहे आणि तो ज्या बाईच्या नावाने दिला तिची ती मिळकत आहे. तो तिजोरीत कोंडणारा मालक आणि तो मालकाच्या नावाने चालू करणारा देश यांत मला फार फरक दिसत नाही.

या मिळकतीला आपल्याकडे इतिहास आहे. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. त्याच्याही आधी रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात मुलींना आणि विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा. ज्या बाईची ओळख कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी विधवा एवढीच होती, तिला नोंदवहीत स्वतःच्या नावाचा क्रमांक मिळाला. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला, १९६६ मध्ये महाराष्ट्राचा. पण नोंदवह्या राज्यांच्याच राहिल्या. कोट्टायमची सिस्टर पुण्यात कामाला आली की तिच्या राज्याच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र आणि इथली नवी नोंदणी, हे चक्र तिलाही चुकलेलं नाही. एका देशात राज्याची सीमा ओलांडताना आपण कागद मागतो, आणि जर्मनीच्या कार्यालयाने कागद मागितले की आपल्याला अन्याय वाटतो. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला, त्यात देशभराची एक नोंदवही आहे. ती नीट चालवली, परदेशी मंडळाने विचारल्यावर पडताळणी ठरलेल्या दिवसांत थेट पाठवली, तर मुलींचे महिनोन्महिने वाचतील. यात परदेशाकडे मागण्यासारखं काहीच नाही.

केरळ या बाबतीत आपल्या किती पुढे आहे ते पाहा. त्या राज्याने परदेशी नोकरभरतीसाठी ओडेपेक हे स्वतःचं महामंडळ १९७७ मध्येच उभं केलं. पुढे परदेशस्थ केरळींसाठीची नोर्का ही सरकारी यंत्रणा आली. डिसेंबर २०२१ मध्ये नोर्काने जर्मनीशी परिचारिकांसाठी करार केला, त्यात भाषेच्या शिक्षणाचा खर्च उमेदवाराच्या डोक्यावर नाही. असं का करावं लागलं, याचंही कारण केरळनेच भोगलं. २०१५ मध्ये कुवेतच्या भरतीत कोचीतल्या एका एजन्सीने १९,५०० रुपयांच्या जागी प्रत्येकीकडून १९.५ लाख घेतल्याचं उघड झालं. त्याच वर्षी केंद्राने नियम केला की आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. त्याच्या आदल्या वर्षी इराकच्या तिक्रितमध्ये ४६ भारतीय परिचारिका युद्धात अडकल्या होत्या आणि त्यांतल्या अनेकींच्या मागे घरी कर्ज होतं. परतीचं विमान मिळालं तरी परत यायला मन धजत नाही, असं कर्ज.

महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवण्याचं ठरलं, त्यात परिचारिका आहेत. मला त्याचा आनंद आहे. पण मनुष्यबळ पाठवणं म्हणजे विमानतळावर फोटो काढणं नव्हे. नाशिकची, वाशीमची, मावळातली मुलगी बी-टूपर्यंत पोहोचायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्या काळात तिने रात्रपाळी करायची की वर्ग? भाषेचं शुल्क कुणी भरायचं? उणिवांचं पत्र आलं तर त्या उणिवा इथल्याच शासकीय रुग्णालयात भरून काढायची सोय आहे का? वृद्धांची शुश्रूषा, मानसोपचार, घरी जाऊन करायची काळजी, हे विषय आपल्या प्रशिक्षणात पक्के केले तर त्याचा फायदा आधी आपल्याच म्हाताऱ्यांना होईल.

खर्च कुणी करायचा याचं उत्तर आमच्या जवळच आहे. बेगडेवाडीहून लोणावळ्याकडे जाताना तळेगाव लागतं. १९०८ मध्ये तिथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून निधी उभा केला, टिळकांनी पाठिंबा दिला, आणि परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांनी तिथे कारागीर घडवले. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं काच शिकायला मावळात आली. लोकांनी पैसा दिला तो वस्तूसाठी नव्हे, हातांना शिकवण्यासाठी. एका मुलीच्या परीक्षेचा, भाषेचा आणि कागदांचा खर्च तिच्या बापाने सावकाराकडून उचलावा, की ज्या राज्याला तिच्या पैशांतून, तिच्या अनुभवातून पुढे फायदा होणार त्याने बिनव्याजी द्यावा, हा निर्णय तळेगावने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे.

एक आक्षेप मला रोज ऐकू येतो आणि तो खोटा नाही. आपल्याकडेच परिचारिका कमी, हजार लोकांमागे तीन असाव्यात तिथे तेवढ्या नाहीत, मग बाहेर पाठवायच्या कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये भरतीची जी संहिता केली ती याच काळजीतून. पण शेजारच्या मुलीला थांब म्हणण्याआधी तिला इथे काय देतो ते सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सुचवलं की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला राज्य सरकारइतका पगार द्यावा आणि पन्नासहून कमी खाटांच्या लहान रुग्णालयातही तो २०,००० च्या खाली नसावा. आज इतक्या वर्षांनी मावळातल्या आणि पिंपरीतल्या सिस्टरना विचारा, किती जणींना तेवढा मिळतो. सरकारी भरती कंत्राटी, वॉर्डात माणसं अपुरी, आणि सोडून जायचं म्हटलं की प्रमाणपत्र तिजोरीत. टंचाई तिने निर्माण केलेली नाही, आणि तिला अडवून ठेवल्याने ती भरून निघणारही नाही. जी जाऊ शकते आणि तरीही राहते, तिच्याच राहण्याला अर्थ असतो.

मुलीच्या प्रश्नाला आता मी असं उत्तर देईन. त्यांनी तुला काम येत नाही असं म्हटलेलं नाही. तुझं काम त्यांच्या रुग्णाच्या कसोटीवर लावून पाहायचं म्हणतात, तो त्यांचा अधिकार आहे, आणि तू ती कसोटी दे. पण तुझा कागद अडवणं, तुझ्या जन्मदेशावरून तुला रांगेत मागे ढकलणं, तुझ्या बापाला कर्जात घालणं, हा कुणाचाच अधिकार नाही. तिने परीक्षेची वाट निवडली आहे. रात्रपाळीहून आल्यावर चार तास झोपते आणि दुपारी जर्मनचा अभ्यास करते.

ज्या घरांत अशी एखादी सिस्टर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा, प्रत्येक रुपयाची पावती घ्या. काळजीवाहकाचा करार आणि परिचारिकेचा करार यांतला फरक सहीआधी जाणत्याकडून वाचून घ्या. आणि मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका, एजंटच्या नाही, रुग्णालयाच्या नाही. आमच्या शेजारणीची सगळी मूळ कागदपत्रं आता तिच्या घरच्या लोखंडी कपाटात आहेत आणि किल्ली तिच्याकडे आहे.